दर हॅलोविनला पाऊस आला की अंगणातले लाइट जातात: कारण कुठे सापडलं आणि आता कुठले लाइट घेतो

आधी प्रॉब्लेम नीट सांगते, म्हणजे तुमचाही तोच असेल तर पुढचं वाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घरापुढे हॅलोविनचे लाइट लावले, चार दिवस सगळं झकास, मग एका संध्याकाळी भुरभुर पाऊस येतो, कधी तर पाऊसही नाही नुसतं दव पडतं, आणि सातच्या सुमाराला अख्खं यार्ड काळोखात. आउटलेटवरचं बटण दाबलं की लागतं, दहा मिनिटांत परत जातं, परत दाबा, परत जातं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की सगळं आपोआप चालू, आणि चालू झालं म्हणून कोणी मुळाशी जात नाही. आम्ही पण तीन वर्षं गेलो नाही.

तिसऱ्या वर्षी ३१ तारखेला ऐन गर्दीत लाइट गेले तेव्हा पोर्चच्या पायरीवर चार-पाच वर्षांची एक मुलगी होती, परीचा ड्रेस, तोंडावर मुखवटा, हातात बादली. अंधारात पायरी चुकली आणि गुडघ्यावर पडली. फार लागलं नाही, पण ती ज्या आवाजात रडली तो आठवडाभर माझ्या कानातून गेला नाही. तेव्हा ठरवलं की पुढच्या वर्षी एकही नवीन भूत आणायचं नाही, आधी हे लाइट का जातात ते शोधायचं.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचा काही भरवसा नाही. २०११ ला २९ ऑक्टोबरला बर्फ पडला होता, झाडांवर पानं असतानाच, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि किती तरी घरांची वीज गेली. २०१२ ला त्याच २९ तारखेला सँडी वादळ आलं, राज्याच्या गव्हर्नरनी हॅलोविनच ५ नोव्हेंबरवर ढकललं. त्यामुळे "पाऊस नसेल तर चालेल" असे लाइट इथे उपयोगाचे नाहीत, पाऊस धरूनच घ्यायचे.

आता पहिली गोष्ट, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. नेमकं काय पडलंय ते बघा. घरातल्या पॅनेलमधला ब्रेकर पडलाय की आउटलेटवरचं जीएफसीआय, म्हणजे ते टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असलेलं आउटलेट? दोन्हीमुळे लाइट जातात पण दोन्हीची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ब्रेकर पडला तर लोड जास्त झालाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. जीएफसीआय पडलं तर करंट कुठेतरी गळतोय, आणि बाहेरच्या लाइटच्या बाबतीत गळतोय म्हणजे जवळजवळ नेहमी पाणी.

आमच्याकडे पहिल्या वर्षी ब्रेकर पडायचा. हिशोब केला तेव्हा कळलं. इथे घरातलं साधं सर्किट १५ अँपचं, १२० व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट. पण तासनतास चालू राहणाऱ्या गोष्टींसाठी त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४०. आमचं धुकं सोडणारं फॉग मशीन १००० वॅटचं, दोन जुने हॅलोजन फ्लडलाइट १५० चे म्हणजे ३००, सी-नाइन नावाच्या मोठ्या साध्या बल्बच्या दोन माळा, प्रत्येकीत २५ बल्ब आणि बल्ब ७ वॅटचा म्हणजे ३५०, वर दोन फुगवायची भुतं मिळून शंभर एक. झाले १७५०. आणि त्याच सर्किटवर गॅरेजमधला फ्रीझर. फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ब्रेकर खाली. फॉग मशीनचा हीटर थांबून थांबून लागतो म्हणून कधी जाईल ते सांगता यायचं नाही, त्यामुळे आम्हाला वाटायचं पावसानेच जातंय.

त्या फ्रीझरचं सांगायलाच हवं कारण हे अनेकांच्या घरी आहे आणि माहीत नसतं. एकाच जीएफसीआयवर पुढची तीन-चार आउटलेट जोडलेली असतात. बाहेरचा लाइट गेला तेव्हा गॅरेजमधलं आउटलेटही गेलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे एकदा रात्री ट्रिप झालं, "उद्या बघू" म्हणून झोपलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्रीझर बंद. खवलेला नारळ, मेमध्ये करून ठेवलेला आमरसाचा साठा, सासूबाईंनी परत जाण्याआधी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या, सगळं टाकावं लागलं. तेव्हा तुमच्या घरात बाहेरच्या आउटलेटबरोबर अजून काय काय जातं ते एकदा टेस्ट बटण दाबून घरभर फिरून बघून घ्या. उलटंही होतं, बाहेरचं आउटलेट मेलंय असं वाटतं आणि त्याचं रिसेटचं बटण गॅरेजमध्ये खोक्यांच्या मागे किंवा बेसमेंटमध्ये असतं.

दुसऱ्या वर्षी सगळं एलईडी केलं. साध्या बारीक बल्बची १०० ची माळ ४० वॅटच्या आसपास खाते, एलईडीची तेवढीच माळ पाच-सात वॅट. हॅलोजन काढले, फॉग मशीन ४०० वॅटचं छोटं घेतलं आणि त्याला दुसऱ्या सर्किटवर टाकलं. ब्रेकर परत कधी पडला नाही. पण जीएफसीआय पडायला लागलं! तेव्हा मात्र मी हात टेकले होते, एवढा खर्च करून परत अंधारच.

तिसऱ्या वर्षी ती मुलगी पडली तेव्हा मग बाबांना फोन लावला. बाबा सांगलीला असतात, एमएसईबीतून रिटायर झाले, पोरवयापासून तारांमध्ये हात. इथे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेसहा, त्यांचा पहिला चहा चाललेला. व्हिडिओवर आउटलेट दाखवलं तर म्हणाले, "अगं, हे आपल्या ईएलसीबीसारखंच आहे, पण किती मिलीअँपचं आहे बघ." बघितलं तर ५. आपल्याकडे घरात बसवतात ते बहुतेक ३० मिलीअँपचं. म्हणजे इथलं सहापट नाजूक. ते जाणाऱ्या तारेतला आणि परत येणाऱ्या तारेतला करंट सारखा मोजत बसतं, दोन्हींत पाच मिलीअँपचा फरक आला की सेकंदाच्या बारक्या भागात तोडून टाकतं, कारण तो हरवलेला करंट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो.

मी म्हटलं, बाबा पण आमच्या माळांना दोनच पिना आहेत, अर्थिंगच नाही, मग गळेल कुठे? तर म्हणाले, "माती आहे की. ओल्या मातीसारखं अर्थिंग नाही. जोड गवतात पडलाय ना तुझा? मग वायर कितीही चांगली असू दे, पाणी जोडातच मुरणार." आणि एक्स्टेन्शनच्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये तर अर्थिंगचं भोक अर्ध्या बोटावर असतं, एक थेंब मधे बसला की झालं. मग एवढंच म्हणाले की लाइट बदलू नकोस, आधी जोड मोज.

मोजले. अठरा! तेवढ्याशा अंगणात अठरा ठिकाणी प्लग सॉकेटमध्ये घुसवलेला होता, त्यातले अकरा गवतात किंवा वाळक्या पानांच्या ढिगाखाली.

तोपर्यंत आम्ही काय करत होतो ते सांगते, कारण तीच चूक खूप घरांपुढे दिसते. प्रत्येक जोडाला काळी इन्सुलेशन टेप गच्च गुंडाळायची, वर प्लास्टिकची पिशवी, वर परत टेप. दिसायला एकदम पक्कं. पण पाणी वायरवरून ओघळत पिशवीच्या तोंडापाशी येतं आणि आत जातं, शिवाय दिवसा गरम रात्री गार यामुळे आतल्या आत घाम धरतो, आणि आत गेलेलं बाहेर यायला वाटच नाही. टेप न लावलेले जोड दुपारी उन्हात वाळायचे, टेप लावलेले आठवडाभर ओले राहायचे. मी एक उघडला तर आतून पाण्याची धार आली, आणि सॉकेटच्या पितळी पात्यांवर हिरवा थर, देवघरातला तांब्या महिनाभर घासला नाही की चढतो तसा. पिनेवर पांढरी पूड. तो जोड कोरडा केला तरी ट्रिप व्हायचा, कारण ती पूडच ओल धरून बसते. असं सॉकेट साफ करत बसू नका, ती एक्स्टेन्शन टाकून द्या.

कुठला जोड गळतोय ते शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. सगळं काढा, एकही वस्तू नको. जीएफसीआय रिसेट करा. काहीही न लावता पडत असेल तर आउटलेट किंवा आतली वायरिंग खराब आहे, तिथे थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. टिकलं तर एकेक वस्तू लावायची, प्रत्येकीला पंधरा-वीस मिनिटं द्यायची, आणि हे सगळं कोरड्या दिवशी करून उपयोग नाही, ओल असतानाच कळतं. काढघाल करताना मात्र आधी आउटलेट बंद, हात कोरडे, पायात रबरी बूट, आणि लावल्यावर चालू करायचं ते घरातून किंवा गॅरेजमधून. आमच्याकडे तीन गुन्हेगार सापडले: ती हिरवी एक्स्टेन्शन, एका फुगवायच्या भुताचा अडॅप्टर जो चक्क डबक्यात पडलेला होता, आणि एक माळ जिचं वरचं आवरण खारीने कुरतडलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. खारी इथे वायरी खूप कुरतडतात, दरवर्षी खोक्यातून बाहेर काढल्यावर माळ पूर्ण हाताखालून एकदा सरकवून बघा, नखाला लागतं.

कधी कधी एकही वस्तू खराब नसते तरी पडतं. प्रत्येक अडॅप्टर, प्रत्येक मोटर अगदी थोडंसं गळतेच, समजा अर्धा मिलीअँप. एकाच आउटलेटवर अशा दहा वस्तू म्हटल्यावर झाले की पाच. तेव्हा अर्ध्या वस्तू घराच्या दुसऱ्या बाजूच्या, वेगळ्या जीएफसीआयवर टाका, बऱ्याचदा तेवढ्याने प्रश्न सुटतो.

आणि कृपा करून एक करू नका. जीएफसीआय सारखं पडतं म्हणून खिडकीच्या फटीतून हॉलमधल्या साध्या आउटलेटची वायर बाहेर आणायची, किंवा जीएफसीआय काढून तिथे साधं आउटलेट बसवायचं. लाइट जाणार नाहीत हे खरं, पण तेव्हा ओल्या गवतात उभ्या असलेल्या पोराच्या पायातून करंट जाईल आणि थांबवायला काही नसेल. ते पडतंय म्हणजे त्याचं काम करतंय.

जोडांचं आता आम्ही काय करतो ते सांगते. एकही जोड जमिनीवर नाही, सगळे वीतभर तरी वर, लाकडी खुंटीला किंवा झाडाला बांधलेले. सॉकेटचं तोंड खाली, वर कधीच नाही. जोडाच्या आधी वायरला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून येणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब थेंब गळून जातं, सॉकेटपर्यंत चढत नाही, घरात येणाऱ्या केबलला देतात तसा. जोडावर घालायच्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात, मिटवायच्या, खालून थोडी हवा जाणाऱ्या, त्या वापरतो आणि टेप अजिबात नाही. भिंतीवरच्या आउटलेटला पण फुगीर झाकण बसवून घेतलं, प्लग आत असतानाही बंद होणारं. जुनं चपटं झाकण प्लग लावला की उघडंच राहायचं, आणि पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आला की सरळ आत.

एक्स्टेन्शन घेताना वायरवर छापलेली अक्षरं वाचा. शेवटी डब्ल्यू असेल, एसजेटीडब्ल्यू वगैरे, तरच ती बाहेरची. घरातली पांढरी किंवा तपकिरी पातळ एक्स्टेन्शन बाहेर नको म्हणजे नको. फॉग मशीनसाठी १४ गेजची, नुसत्या एलईडीसाठी १६ ची पुरते. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा.

मग लाइट कुठले घ्यायचे. इथे दुकानात हॅलोविनच्या रांगेत लावलंय म्हणजे बाहेर चालणार असं धरू नका, निम्मं सामान खिडकीत आणि हॉलमध्ये लावायचं असतं. खोक्यावर तीन शब्द येतात, ड्राय, डॅम्प आणि वेट लोकेशन. ड्राय म्हणजे घरात. डॅम्प म्हणजे छपराखाली, पोर्चच्या आतल्या अंगाला, जिथे दमट हवा लागेल पण पाऊस अंगावर नाही. अंगणात, झुडपांवर, गवतात लावायचं ते फक्त वेट. जुन्या माळांवर यूएल या तपासणी संस्थेचं चकचकीत लेबल असतं, हिरवं असेल तर फक्त घरात, लाल असेल तर आत-बाहेर दोन्हीकडे, जुनं खोकं हरवलं असेल तर हेच एक बघायला उरतं. ऑनलाइन घेतलेल्या फ्लडलाइटवर आयपीचा आकडा असतो, त्यातला दुसरा अंक पाण्याचा. ४४ म्हणजे उडणारे थेंब, ६५ म्हणजे पाइपचा फवारा, ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडलं तरी. गवतात ठेवायच्या दिव्याला मी ६५ च्या खाली जात नाही. पण नीट बघा, बऱ्याच वेळा ६५ हा नुसत्या दिव्याचा आकडा असतो आणि त्याच्या प्लगजवळचा ठोकळा, रिमोटचा डबा, हे साधेच असतात. पाणी तिथेच शिरतं.

आपल्या लोकांसाठी एक वेगळं. दिवाळीसाठी पुण्या-मुंबईहून आणलेल्या माळा प्लग बदलून इथे लावू नका. त्या २३० व्होल्टच्या, इथल्या १२० वर मिणमिणत्या लागतात किंवा लागतच नाहीत, आणि त्यांचे जोड उघड्या पावसासाठी केलेलेच नसतात. आमच्याकडे एका वर्षी अशीच एक माळ पोर्चच्या कडेला होती, तिलाही मी बरेच दिवस धरून ठेवलं होतं कारण आईने आणलेली. आता ती देवघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला, भारतातल्या व्होल्टेजच्या छोट्या कन्व्हर्टरवर लागते.

सगळ्यात मोठा फरक मात्र ज्याने पडला ते म्हणजे १२ व्होल्टचे लँडस्केप लाइट. गार्डनमध्ये वाटेच्या कडेला लावतात ते, हॅलोविनचे नाहीतच. एक ट्रान्सफॉर्मर भिंतीवर, जमिनीपासून फूटभर वर, आउटलेटच्या शेजारी. त्याच्यापुढे सगळं १२ व्होल्टवर, आणि ट्रान्सफॉर्मरची पलीकडची बाजू घरातल्या लाइनपासून वेगळी असते, त्यामुळे गवतातला जोड ओला झाला तरी जीएफसीआयला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि पोराचा हात लागला तरी झटका नाही. आमच्या अठरा जोडांपैकी १२० व्होल्टचे आता चारच उरलेत: ट्रान्सफॉर्मर, फॉग मशीन, आणि दोन फुगवायची भुतं. बाकी आठ स्पॉट, पाच-पाच वॅटचे, म्हणजे मिळून ४० वॅट, वर्षभर जमिनीत तसेच असतात. एरवी पिवळसर उजेड, ऑक्टोबरमध्ये पुढे हिरव्या-जांभळ्या फिल्टरचा तुकडा लावला की झालं. पहिला खर्च जास्त वाटतो, मलाही वाटला, पण दरवर्षी दोन माळा आणि एक एक्स्टेन्शन फेकत होतो ते थांबलं. एक काळजी घ्या, लांब पल्ल्याला १२ व्होल्टचा दाब उतरतो आणि शेवटचा दिवा मंद लागतो, म्हणून केबल जाड घ्या, १२ गेजची, आणि सगळे दिवे एकाच लांब रांगेत ओवण्याऐवजी ट्रान्सफॉर्मरपासून दोन फाटे काढा.

जागा आणि रंग याबद्दल मला बोलायचंय कारण इथे कमी लाइटमध्ये काम होतं, आणि लाइट कमी म्हणजे जोड कमी. अंगण पूर्ण उजळलं की भीती संपते. भूत दिसायला काळोख लागतो. एका आकृतीला एक दिवा, तोही खालून, जवळून, थोडा बाजूला. खालून पडलेल्या उजेडाने भुवयांची सावली कपाळावर जाते, चेहरा अनोळखी होतो, लहानपणी टॉर्च हनुवटीखाली धरायचो तसं. समोरून फ्लडलाइट मारला तर तोच सांगाडा दुकानात ठेवल्यासारखा सपाट दिसतो. हल्ली होम डेपोचा तो १२ फुटी सांगाडा, २०२० ला आला तेव्हापासून, आमच्या आजूबाजूला बऱ्याच अंगणांत उभा असतो. तेवढ्या उंचीला एक दिवा पायापाशी आणि एक मागून भिंतीवर, म्हणजे त्याची सावली घरावर दोन मजले चढते, आणि माणसं थांबतात ती ती सावली बघायला. फॉगला उजेड मागून किंवा बाजूने द्या, समोरून दिला तर पांढरी भिंत होते. रंग दोनच ठेवा, मागे जांभळा किंवा निळा, पुढे हिरवा किंवा केशरी. सात रंग आपोआप बदलणारे लाइट आम्ही आणले होते, सगळं लग्नाच्या मांडवासारखं दिसायचं.

ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील उजेडाचा दिवा, घेणार असाल तर ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा घ्या, स्वस्तातले ३९५-४०० वाले स्वतःच जांभळे दिसतात आणि चमक मारून टाकतात. पांढरी धुतलेली चादर त्यात छान चमकते, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत ते चमकणारं द्रव्य असतं, वेगळा रंग विकत घ्यायला नको.

आणि वाट. वाट आणि पायऱ्या यांना भुताटकीचा उजेड नको. तिथे साधा पिवळसर पांढरा उजेड, गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेला, पोरांच्या डोळ्यात जाणार नाही असा. मुखवट्याच्या भोकांतून मुलांना बाजूचं काही दिसत नाही, खाली तर अजिबात नाही. आमच्याकडे वाटेचे दिवे आता वेगळ्या लाइनवर आहेत, त्यांच्याशी बाकी कशाचाही संबंध नाही, म्हणजे अंगणातलं सगळं गेलं तरी पायरी दिसत राहते. आणि वाटेवरून आडवी वायर एकही नाही, कडेने फिरवून न्यायची, दहा फूट जास्त लागली तरी.

स्ट्रोब लाइट आम्ही बंदच केला. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाने ज्यांना तसा एपिलेप्सीचा त्रास आहे त्यांना फिट येऊ शकते, आणि दारात येणाऱ्या मुलांमध्ये कोणाला आहे ते आपल्याला कळत नाही. खोटी कोळ्याची जाळी जुन्या गरम बल्बवर किंवा हॅलोजनवर कधीच टाकू नका, पटकन पेटते, आणि खाली वाळकी पानं असतात. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. लेझरवाले ठिपक्यांचे प्रोजेक्टर असतील तर तोंड भिंतीकडेच ठेवा, घराच्या कडेवरून वर आकाशात जाऊ देऊ नका, विमानावर लेझर मारणं हा इथे २०१२ पासून फेडरल गुन्हा आहे, आणि न्यूअर्कला उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात.

बाकीच्या तक्रारी पटापट. अर्धीच माळ लागते: माळेत बल्ब एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, साध्या बल्बच्या माळेत बहुतेक ५० चा एक गट, त्यातला एक ढिला झाला की तेवढा गट जातो, बंद भागातले बल्ब एकेक दाबून बघा. पूर्ण माळ गेली तर प्लगमध्येच सरकवायचं छोटं झाकण असतं, आत फ्यूज, बहुतेक वेळा सोबत जादा फ्यूज पण दिलेला असतो. किती माळा एकाला एक जोडायच्या ते खोक्यावर असतं, साध्या बल्बच्या तीनपेक्षा जास्त नाहीत. अंधार पडल्यावर लाइट सारखा लागतो-विझतो: त्याच्या सेन्सरवर दुसऱ्या दिव्याचा उजेड पडतोय, त्याला वाटतं सकाळ झाली, सेन्सर दुसरीकडे वळवा. सोलर दिवे आठलाच मरतात: ऑक्टोबर संपताना दिवस साडेदहा तासांचा, ऊन तिरपं, त्यात झाडांची सावली, पहिल्या दोन वर्षांनंतर आतल्या रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या बदलून बघा, पण ३१ तारखेसाठी नुसत्या सोलरवर विसंबू नका. टायमर एक तास पुढे-मागे: मधे लाइट गेली असेल, किंवा नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला, घड्याळ एक तास मागे गेलं. ३१ ला इथे सूर्य सहाच्या आतच मावळतो, लहान मुलं त्याच्या आधीपासून यायला लागतात, टायमर साडेपाचला लावा.

२०२४ ला दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले होते, ३१ ऑक्टोबरला. पोर्चच्या छपराखाली आकाशकंदील, आत एलईडी बल्ब, उंबऱ्याशी पणत्या, आणि अंगणात जांभळ्या उजेडात सांगाडा. पणत्या फॉग मशीनपासून आणि जाळ्यांपासून लांब ठेवल्या, दारात येणाऱ्या पोरांचे झगे जमिनीवर लोळतात म्हणून पायऱ्यांवर एकही ठेवली नाही, सगळ्या कठड्याच्या आत. त्या दिवशी १२ व्होल्टचे दिवे पहिल्यांदाच वापरत होतो आणि मी दर पंधरा मिनिटांनी त्या आउटलेटकडे बघून येत होते. त्यावरचा, चालू असल्याचा हिरवा ठिपका रात्री अकरापर्यंत तसाच होता.

आता शेवटची चाचणी, ही तरी कराच. ३१ ची वाट बघू नका, आठवडाभर आधी एका संध्याकाळी सगळं मांडून झालं की मेन आउटलेट बंद करा, झाडांना पाणी घालायची झारी घ्या आणि बाहेर चालतील असं लिहिलेल्या प्रत्येक दिव्यावर, प्रत्येक डबीवर, पाऊस पडतो तसं वरून पाणी शिंपडा. फॉग मशीन आणि अडॅप्टर यांच्यावर नको, ते छपराखालीच किंवा उलट्या घातलेल्या प्लास्टिकच्या खोक्याखाली असले पाहिजेत, खोक्याला बाजूने हवेसाठी भोकं पाडून. पाच मिनिटं थांबा, सगळ्यांना घरात घ्या, आणि आतून चालू करा. तासभर टिकलं तर ठीक. पडलं तर तुमच्याकडे अजून आठवडा आहे, वर सांगितलं तसं एकेक काढून बघा, आणि सुरुवात गवताला सगळ्यात जवळ असलेल्या जोडापासून करा.